रक्ताच्या नात्यांचा हिशोब मांडणाऱ्या इरावतीबाई

सिल्वासा : २ ऑगस्ट हा दिवस आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. १९५४ साली त्या दिवशी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. ११ ऑगस्ट मात्र तेवढा लक्षात राहत नाही. १९६१ साली त्या तारखेपासून दादरा आणि नगर हवेली कागदोपत्री भारताचा भाग झाला. त्यानंतर नऊ वर्षांनी त्याच तारखेला, ११ ऑगस्ट १९७० रोजी, पुण्यात इरावती कर्वे यांचं निधन झालं.

तारीख सोडली तर या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण इरावतीबाईंनी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला, तो प्रश्न आज आपल्या घराघरात येऊन बसलाय. कोण कोणाशी लग्न करतं, आणि त्यातून पुढच्या पिढीच्या रक्तात काय उतरतं, हा तो प्रश्न. खानवेल, दुधनी, मांदोनी असो, पलीकडचं कपराडा-धरमपूर असो किंवा अलीकडचं तलासरी-जव्हार, या सगळ्या पट्ट्यात सिकलसेल हा शब्द आता नवा राहिलेला नाही. तपासणी होते, कागद हातात येतो, आणि मग घरात कुजबुज सुरू होते. दोष कोणाचा, आईचा की बापाचा? पोरीचं लग्न जमेल का? रक्तच खराब आहे म्हणायचं का? ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून इरावतीबाई सगळ्यांना माहीत आहेत. या कुजबुजीला उत्तर द्यायला उपयोगी पडेल असं त्यांचं दुसरं कामही तेवढंच मोठं आहे, पण त्याची चर्चा कमी होते.

नदीचं नाव मिळालेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. त्या काळी नोकरीधंद्यासाठी रंगूनपर्यंत गेलेली मराठी माणसं बरीच होती, आणि मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना देशी परत पाठवण्याची रीतही होती. सातव्या वर्षी इरावती पुण्यात हुजूरपागेच्या वसतिगृहात दाखल झाली.

तिथे शकुंतला परांजपे मैत्रीण झाली आणि तिच्यामुळे रँग्लर परांजप्यांच्या घराचा दरवाजा उघडला. घरात पुस्तकं, वादविवाद, इंग्रजी-मराठी दोन्ही. मुलगी त्या घरातलीच होऊन गेली. पुढे फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. १९२८ साली एम.ए. झाल्या, त्यासाठीचा प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर होता. म्हणजे स्वतःच्याच जातीकडे त्यांनी आधी अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं.

लग्न झालं दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव. घर कसलं होतं बघा. सासऱ्यांनी १८९३ साली स्वतः विधवेशी पुनर्विवाह केलेला. थोरले दीर रघुनाथराव १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवणारे आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढून लोकांच्या शिव्या खाणारे. लग्न कोणाशी करावं, मूल कधी व्हावं, किती व्हावीत, यावर उघड बोलणारं महाराष्ट्रातलं ते एक घर होतं. तरीसुद्धा सुनेने परदेशी शिकायला जावं हे महर्षींना पसंत नव्हतं. दिनकररावांनी ऐकलं नाही. स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले असल्याने तिथल्या शिक्षणाची किंमत त्यांना ठाऊक होती. त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं. हेच जीवराजभाई पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. एका मराठी बाईच्या जर्मनीच्या शिक्षणाला एका गुजराती डॉक्टरच्या पैशाचा हातभार लागला, ही गोष्ट आपल्या सीमेवरच्या माणसाला विशेष वाटायला हरकत नाही.

बर्लिनमधल्या कवट्या

१९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोचल्या. ज्या संस्थेत त्या दाखल झाल्या तिचं नाव कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्था. १९२७ सालीच ती उघडली होती. प्रमुख होते ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत गोरे आणि स्थानिक यांच्या संबंधातून झालेल्या लोकांचा अभ्यास करून त्यांनी नाव कमावलं होतं. माणसांचे वंश असतात, त्यांत वरचे आणि खालचे असतात, आणि ते मिसळले की बिघाड होतो, अशी त्या मंडळींची धारणा होती.

फिशर यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा. माणसाची कवटी डावी-उजवी अगदी सारखी नसते. युरोपातल्या गोऱ्यांच्या कवटीत हा फरक जास्त असतो आणि त्याचा संबंध त्यांच्या वरचढ बुद्धीशी आहे, असं फिशर यांचं अनुमान होतं. ते मोजून सिद्ध करायचं होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपियन होत्या, तशाच वसाहतींतून आणलेल्याही होत्या. या दुसऱ्या कवट्या तिथपर्यंत कशा आल्या असतील याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो.

मोजमाप झालं, आकडे मांडले, आणि अनुमान काही जुळेना. फरक होता, पण तो सगळ्यांतच होता. वंशाप्रमाणे तो कमी-जास्त होत नव्हता. इरावतीबाईंनी जे आलं तेच लिहिलं. परक्या देशात, कर्जाच्या पैशावर शिकणाऱ्या पंचविशीच्या बाईने आपल्या मार्गदर्शकाचा सिद्धांत आकड्यांनी खोडून काढला. त्यांना पदवी मिळाली, पण गुण कमी पडले. १९३० साली त्या परत आल्या.

मागे काय झालं तेही सांगायला हवं. १४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने आनुवंशिक आजार असलेल्यांची संतती रोखण्याचा कायदा केला. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. जन्मजात बहिरे, आंधळे, फिट येणारे, मतिमंद ठरवलेले, मानसिक आजार असलेले, अशी ती माणसं होती. त्या कामाला शास्त्राचा आधार पुरवण्यात फिशर यांची संस्था पुढे होती. यातल्या कितीतरी जणांचा आजार आनुवंशिक होता की नव्हता, हेसुद्धा कोणी नीट तपासलं नव्हतं. आनुवंशिकतेचं शास्त्र चुकीच्या हातात गेलं की काय होतं, याचा तो जगाने पाहिलेला सर्वांत वाईट नमुना. त्याच इमारतीत, तीन-चार वर्षं आधी, आपल्या इरावतीबाईंनी मोजपट्टी हातात धरून त्याच्या पायाचा एक दगड पोकळ असल्याचं दाखवलं होतं.

कोण कोणाला चालतं

परतल्यावर १९३१ ते १९३६ त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिवपद सांभाळलं. कारकुनी-कारभाराचं ते काम त्यांच्या मनाजोगं नव्हतं. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र विभाग त्यांच्याकडे आला आणि मग त्यांची खरी फिरती सुरू झाली. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर त्या गुजरातेत मेहसाण्याकडे लांघणजच्या उत्खननात होत्या, तिथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले. १९४७ साली दिल्लीच्या भारतीय विज्ञान परिषदेत मानववंशशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष होत्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून लोक त्यांची आठवण अजून काढतात. नवऱ्याला नावाने हाक मारायच्या, याचीही तेव्हा चर्चा व्हायची.

पण मोठं काम झालं ते गावोगाव हिंडून. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी माणसांची मापं घेतली, आणि मापांबरोबर नात्यांची नावं गोळा केली. मामाला काय म्हणतात, आत्याच्या नवऱ्याला काय म्हणतात, कोणाची मुलगी कोणाला चालते. त्यातून १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात त्यांनी देशाचे चार पट्टे पाडले : उत्तरेचा, मधला, दक्षिणेचा आणि पूर्वेचा. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न म्हणजे पाप. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, काही ठिकाणी तर सख्खा मामाच नवरा. गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही मधल्या पट्ट्यात. इथे उत्तर-दक्षिणेची सरमिसळ. महाराष्ट्रात बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र चालत नाही. जसजसं गुजरातेकडे जावं तसतसं हे कमी होत जातं. आपल्या सिल्वाशाच्या बाजारात उभं राहिलं तर हे दोन्ही रिवाज एकाच रांगेत उभे असलेले दिसतात.

१९६१ साली त्यांनी हिंदू समाजावरचं विवेचन प्रसिद्ध केलं. त्यात मांडलेला मुद्दा असा, की जात म्हणजे मुळात एक पसरलेलं नातेवाइकांचं कूळ. आपसातच लग्न करत राहिलेला गट. एकाच धंद्याचं नाव लावणाऱ्या, म्हणजे समजा कुंभारांच्या, वेगवेगळ्या जाती या एका झाडाच्या फांद्या असतीलच असं नाही. वेगवेगळी रोपं शेजारी शेजारी येऊन उभी राहिलेली असतात. याची परीक्षा त्यांनी पुढे मोजमापाने केली. डॉ. के. सी. मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ गटांचा अभ्यास करून तो १९६८ साली छापला. दर्जा समाजात सारखाच, नावही एकच, पण शरीराची मापं आणि रक्तगट बघितले तर गटागटांत फरक. एका नावाखाली एक रक्त असतं ही समजूत त्यातून मोडली.

इथे एक खरं सांगायला हवं. माणसाची उंची-नाक-डोकं मोजून समाज समजून घ्यायची ती पद्धत आता मागे पडली आहे. बर्लिनमध्ये शिकलेलं ते हत्यार इरावतीबाईंनी शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे आणि ती चुकीची नाही. पण त्यांनी त्या हत्याराने माणसांची वर-खाली अशी उतरंड रचली नाही, हेही तितकंच खरं.

दोन रकान्यांची वही

आता त्यांचा मुद्दा आपल्या घरात आणू. प्रस्तुत प्रतिनिधी कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे वहीखात्याच्या भाषेतच सांगतो.

प्रत्येक माणसाकडे शरीर कसं घडवायचं याची एक वही असते. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक बाबीच्या दोन नोंदी असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. मूल होताना आई आपल्या दोन नोंदींपैकी एकच पुढे देते, बापही एकच. कोणती जाणार हे नाणं उडवल्यासारखं. ते कोणाच्या हातात नसतं.

रक्तातला लाल रंग ज्याने येतो त्या हिमोग्लोबिनची अशीच नोंद असते. सिकलसेलमध्ये त्या नोंदीत एका अक्षराची चूक झालेली असते. तेवढ्या एका अक्षराने साखळीतला सहावा दुवा बदलतो. प्राणवायू कमी पडला की अशा हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडं-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात, लहान मुलांना जंतुसंसर्ग पटकन होतो. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचं पहिलं वर्णन छापलं. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे हे दाखवलं. भारतात हा प्रकार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत नोंदला गेला. म्हणजे इरावतीबाई नातेसंबंधांचं पुस्तक पुरं करत होत्या त्याच सुमारास.

दोन्ही नोंदी चुकीच्या असतील तर माणूस आजारी. एकच चुकीची असेल तर तो वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तो शेतात राबतो, कंपनीत पाळी करतो, म्हातारा होतो, त्याला कळतही नाही. हिशोब असा :

एक वाहक आणि एक निरोगी असेल तर कोणतंही मूल आजारी होत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण निरोगी मुलाची. एक आजारी आणि एक निरोगी असेल तर सगळी मुलं वाहक, आजारी कोणी नाही. एक आजारी आणि एक वाहक असेल तर निम्मी शक्यता आजाराची.

यात लोकांची गफलत होते ती चारात एक या आकड्यात. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं. एकाच घरात तीन मुलं आजारी असू शकतात आणि शेजारच्या वाहक जोडप्याची चारही ठणठणीत असू शकतात.

आणि दोष कोणाचा? आजारी मुलाच्या दोन नोंदींपैकी एक आईची, एक बापाची. कायम दोघांची. पोराला सिकलसेल निघालं म्हणून सुनेला माहेरी धाडण्याला काडीचाही आधार नाही.

आता इरावतीबाईंचा मुद्दा इथे बसवा. ज्या समाजात शंभरात एकच वाहक आहे, तिथे एका वाहक मुलाला बाहेरची मुलगी केली तर तीही वाहक असण्याची शक्यता शंभरात एक. पण त्याच्याकडे ती नोंद आईकडून आली असेल आणि त्याने मामाची मुलगी केली, तर? मामाकडे ती नोंद असण्याची शक्यता साधारण निम्मी, त्याच्या मुलीकडे त्याच्या निम्मी. म्हणजे चारात एक. शंभरात एकची चारात एक होते. पण जिथे समाजातच वाहक भरपूर आहेत, तिथे नातं लांबचं असून भागत नाही. समजा पाचात एक वाहक आहे. मग कोणतंही जोडपं घ्या, दोघेही वाहक असण्याची शक्यता पंचवीसात एक, आणि म्हणून शंभर मुलांमागे एक आजारी. जात म्हणजे पसरलेलं कूळ, हे त्यांचं वाक्यातलं मर्म इथे रक्ताच्या अहवालात उतरलेलं दिसतं.

हे फक्त आदिवासींचं नाही

आपल्याकडे एक चुकीची समजूत पसरली आहे की सिकलसेल म्हणजे वारली, कोकणा, धोडिया, काथोडी यांचाच आजार, बाकीच्यांना चिंता नाही. गटातल्या गटात लग्न करणारा प्रत्येक समाज आपापली चुकीची नोंद सांभाळून असतो. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत थॅलसेमियाचं प्रमाण जास्त. तो आजारही असाच दोन वाहकांच्या मुलाला होतो, आणि त्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. पारशी समाजात जी-६-पी-डी नावाच्या घटकाची कमतरता इतरांपेक्षा जास्त दिसते. संजाण-उदवाडा आपल्या शेजारीच आहे. ती कमतरता आईकडून मुलाकडे जाते आणि मलेरियाच्या काही गोळ्या अशा माणसाला बाधतात. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न थांबणं, याचीही वाट तशीच. सहसा वाहक आई आणि आजारी मुलगा. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट जगापुढे आणला. तो आजार नाही, पण तोही दोन वाहक आई-बापांकडून येतो, आणि अशा माणसाला नेहमीचं ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही.

मग सिकलसेलची चुकीची नोंद जंगलपट्ट्यातच एवढी का टिकली? त्याचं उत्तर मलेरियात आहे. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहक मुलांना जिवावरचा मलेरिया कमी होतो. ज्या पट्ट्यात मलेरियाने लेकरं जायची, तिथे वाहक लेकरं तगली, मोठी झाली, त्यांना मुलं झाली. जी नोंद आज आपण चुकीची म्हणतो, तिने एकेकाळी याच डोंगरांतली वंशावळ वाचवली. त्यामुळे रक्त खराब हा शब्दच काढून टाकायला हवा. बर्लिनच्या त्या संस्थेतल्या मंडळींना हे कळलं असतं तर माणसांची उत्तम आणि हीन अशी वाटणी करताना त्यांची पंचाईत झाली असती.

कार्ड म्हणजे पत्रिका नव्हे

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. गुजरात सरकारचा कार्यक्रम त्याहून जुना, २००६ पासूनचा. काम चांगलं आहे आणि व्हायलाच हवं. बोटातल्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते, शंका आली तर पुढची. वाहक आणि आजारी वेगळे कळतात. आजारी मुलाला हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड वेळेवर मिळालं, लसी झाल्या, पाणी भरपूर प्यायलं, थंडीत आणि तापात काळजी घेतली, तर तो शाळा-कॉलेज करून नोकरीला लागतो. दुखणं अचानक वाढलं, छातीत दुखलं, ताप चढला तर भगताकडे वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, एवढं घरच्यांना माहीत हवं.

पण तपासणीच्या मागून जो कागद येतो, त्याचं काय करायचं हे शिकवायला मात्र कोणी बसत नाही. बातमीसाठी गावांत फिरताना ऐकू येतं की मुलगी वाहक निघाली की कागद पेटीत तळाशी जातो. मुलाचा कागद बघायला कोणी मागतच नाही. दोन वाहकांनी लग्न करण्यापूर्वी सल्ला घ्यावा, गरोदरपणात लवकर तपासणी करता येते हे त्यांना कळावं, एवढ्यासाठी ते कार्ड आहे. वाहक मुलीने निरोगी मुलाशी लग्न केलं तर आजाराचा प्रश्नच येत नाही. तिला नाकारण्यासाठी ते कार्ड वापरलं, तर पुढच्या वर्षी त्या गावात तपासणीला कोणी हात पुढे करणार नाही, आणि मग नुकसान आजारी मुलांचंच.

इरावतीबाईंच्या चरित्रातून घ्यायचं ते इथे. त्यांनी आनुवंशिकता नाकारली नाही. आई-बापाकडून मुलात काय उतरतं हे मोजण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. पण मोजल्यावर माणसाची किंमत कमी-जास्त करायची नाही, आणि आकडा आपल्या मताविरुद्ध गेला तर मत बदलायचं, आकडा नाही, हे त्या पाळत आल्या. पश्चिम खानदेशातल्या भिल्लांच्या पाहणीत आणि कोयना धरणाने उठवलेल्या लोकांच्या पाहणीत त्यांनी माणसांचे संसार, शेती, कर्जं, लग्नं यांचीच नोंद केली. धरणाने उठलेल्या गावांचं दुःख काय असतं, हे दमणगंगेच्या मधुबन धरणाकाठच्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकात त्यांनी महाभारतातल्या मोठमोठ्या माणसांना देव्हाऱ्यातून उतरवून माणसांसारखं बघितलं. कुंती, गांधारी, कर्ण, विदुर, सगळे कोणाचे मुलगे, कोणाच्या सुना, आणि जन्माने गळ्यात पडलेलं ओझं घेऊन चालणारे. कुळाचा हिशोब तिथेही आहेच. दोनच वर्षांनी, वयाच्या ६४ व्या वर्षी त्या गेल्या. मागे मुलगी जाई निंबकर, मुलगा आनंद कर्वे, धाकटी गौरी देशपांडे, आणि डेक्कन कॉलेजात त्यांनी घडवलेले विद्यार्थी.

येत्या लग्नसराईत पत्रिका जुळवायला बसाल तेव्हा दोघांचेही रक्ताचे अहवाल मागवा, मुलाचा आधी. दोघे वाहक निघाले तर घाबरू नका, लपवू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन समुपदेशकाशी बोला. एकच जण वाहक निघाला, तर तारीख काढा आणि मांडव घाला.